फत्तेसिंगची पाचवी होळी

“फत्तेसिंग, गाडी सुरू करताना पहिले कोनता पाय दाबना पडस रे?”

जमनाबाई सिस्टर मोहाच्या झाडापासून बऱ्याच अंतरावर उभ्या राहून विचारत होत्या. झाडाखाली पाच-सहा पुरुष जमिनीवर बसून होळीची तयारी करत होते. कोणी घुंगरांच्या पट्ट्या ओवत होता, कोणी वाळक्या भोपळ्यांवर पांढरे ठिपके काढत होता. फत्तेसिंगच्या मांडीवर मोरपिसांचा टोप होता आणि तो बांबूच्या कड्यात एकेक पीस खोचत होता. त्याने मान वर केली.

“कोनती गाडी, सिस्टर?”

“आपली जुनी. नवी तं धर्मेंद्र लई गया ना सकायलेच.”

“आनि जुनी कोन चालावस?”

“मी चालावसू.”

झाडाखाली हसू फुटलं. त्याला कारण होतं. तीन-चार वर्षांपूर्वी सिस्टरांनी हट्टाने गाडी शिकायला घेतली होती. फत्तेसिंग शेजारी बसून ‘ब्रेक, सिस्टर, ब्रेक’ म्हणत राहिला आणि सिस्टरांनी गाडी सरळ रायसिंगच्या तुरीत घातली. तेव्हापासून गावात कोणाचं काम बिघडलं, की लोक म्हणत, याची गाडी तुरीत गेली.

पण सिस्टर हसल्या नाहीत. मग फत्तेसिंगचंही हसू ओसरलं.

“कोन शे?” त्याने विचारलं.

“रमिला.”

शेजारी बसलेल्या रायसिंगचे हात थांबले. रमिला त्याची सून, आठव्या महिन्यातली.

सिस्टर सांगू लागल्या. सकाळी रमिला सासूबरोबर चालतच दवाखान्यात आली होती. डोकं दुखतंय म्हणाली, डोळ्यांपुढे अंधारी येतेय म्हणाली. पावलं सुजलेली, रक्तदाब फार वर गेलेला. सिस्टर तिला कॉटवर निजवतात न निजवतात तोच तिला झटका आला.

“सुई देल्ही मी. आते पडेल शे. पन तिले खाले लई जानंच पडी. १०८ ले फोन करा, तं ती गाडी दुसरी बाईले लई शहादाले जाई ऱ्हायनी. म्हसावदले भेटतस म्हने. म्हसावदलोंग आपलेच जानं शे.” त्या क्षणभर थांबल्या. “म्हनीसन इचारी ऱ्हायनू. पहिले कोनता पाय?”

भोपळ्यावर ठिपके काढणाऱ्याने काडी खाली ठेवली.

आता इथे थोडं थांबून दोन गोष्टी सांगायला हव्यात, म्हणजे हे सगळे गप्प का झाले ते कळेल.

पहिली गोष्ट संस्थेची. सातपुड्याच्या या गावात एक आरोग्य संस्था आहे. तिला नाव आहे, पाटीही आहे, पण सगळे तिला नुसती ‘संस्था’ म्हणतात. सहा कॉट, एक औषधांची खोली, दोन गाड्या. भाग्येश नावाचा एक तरुण डॉक्टर आहे. त्या दिवशी सकाळी तो धर्मेंद्रला घेऊन, भाजलेल्या एका म्हाताऱ्याला खाली पोचवायला गेला होता. जमनाबाई रनाळ्याच्या. नोकरीला आल्या तेव्हा केस काळे होते, आता सगळे पांढरे झाले. त्या अजून अहिराणीतच बोलतात आणि डोंगरातली माणसं त्यांना त्याच बोलीत उत्तर देतात. फत्तेसिंग जुन्या गाडीचा ड्रायव्हर. त्या घाटात ती गाडी त्याच्याशिवाय कोणाला चालवता येत नाही. धर्मेंद्र सपाटीवरचा, तो नवीच गाडी चालवतो आणि तीही घाटात देवाचं नाव घेत.

दुसरी गोष्ट पालनीची. होळीच्या नवसाचे जे पुरुष असतात, ज्यांना बुध्या म्हणतात, ते होळीआधी काही दिवस पालनी पाळतात. जमिनीवर बसायचं, जमिनीवर झोपायचं. खाटेवर, खुर्चीवर, गादीवर टेकायचं नाही. आंघोळ नाही. स्वतःच्या हाताने रांधून खायचं. बाईचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, मग ती बायको असो, आई असो की लेक. संस्थेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. होळी जवळ आली की आठवड्याची बैठक जमिनीवर होते, कारण कोणी ना कोणी पालनीत असतोच आणि एकट्याने खाली बसायचं त्याला बरं वाटत नाही. डॉक्टरही मांडी घालून बसतात. एखाद्या बुध्याला गोळी द्यायची असेल, तर सिस्टर ती दगडावर ठेवून मागे सरकतात, मग तो येऊन उचलतो.

फत्तेसिंगचा नवस रुपासाठी होता. रुपा त्याची लेक. चार वर्षांची असताना तिचे हातपाय इतके दुखायचे, की ती रडायचीही थांबायची. डोळे पिवळे पडायचे. सिस्टरांनी रक्त तपासून आणलं. सिकलसेल निघाला. त्यांनी गोळ्या सुरू केल्या, दोनदा शहाद्याला नेऊन रक्त चढवलं. त्याच हिवाळ्यात फत्तेसिंगने होळीला नवस बोलला, पोरगी जगू दे, पाच होळ्या बुध्या होऊन नाचेन. रुपा सावरली. आता ती आठ वर्षांची आहे, शाळेत जाते, झाडावरही चढते.

“सुई मी टोची, गोया मी देल्ह्यात, आनि नवस होळीले!” सिस्टर त्याला चिडवायच्या.

“तुमले चहा पाजस ना रोज,” फत्तेसिंग म्हणायचा. “होळी कुठे चहा पीस?”

चार होळ्या झाल्या होत्या. ही पाचवी होती, शेवटची. होळी दोन दिवसांवर आली होती.

म्हणून झाडाखाली सगळे गप्प होते. सिस्टरांनी ‘तू चल’ म्हटलं नाही. रायसिंगला तर बोलताच येईना. तो गावाचा डाया, म्हणजे जाणता माणूस. बुध्यांच्या नाचत्या रांगेत, गेरीत, सगळ्यांत पुढे तोच नाचायचा आणि पालनी कशी पाळायची हे सगळ्यांना तोच सांगायचा. आता आपल्याच घरच्या सुनेसाठी दुसऱ्याला ती मोड म्हणायची? तो खाली मातीकडे बघत राहिला. त्याच्या बोटांत एक घुंगरू होतं, ते वाजत नव्हतं.

“डावा पाय,” फत्तेसिंग म्हणाला.

“डावा,” सिस्टर म्हणाल्या. “बरं.” आणि खरोखरच वळून चालू लागल्या.

फत्तेसिंगने टोप मांडीवरून उचलून हलकेच जमिनीवर ठेवला. मग तो उठला. सिस्टरांपासून अंतर ठेवून, अनवाणी, तोही दवाखान्याकडे निघाला.

गाडी दवाखान्यामागे सावलीत उभी होती. त्याने दार उघडलं, ड्रायव्हरची गादी दोन्ही हातांनी ओढून काढली आणि बाहेर टाकली. मग तो आत शिरून खाली पत्र्यावर बसला. गुडघे हनुवटीला लागले. स्टेअरिंग डोक्याच्या वर राहिलं.

सिस्टर खिडकीपासून लांब उभ्या राहून बघत होत्या.

“काय देखाय ऱ्हायनं तुले?”

“आभाय.”

“रस्ता खाले शे, भो.”

“हां,” तो म्हणाला. वरच्या आभाळात एक घार फिरत होती. मग तो उतरला, गादी उचलली, तिची धूळ झटकली, जागेवर बसवली आणि तिच्यावर बसला. जुनी गाडी पहिल्याच वेळी सुरू झाली.

सिस्टर आणि कमलीबाई, म्हणजे रमिलाची सासू, दोघींनी रमिलाला गोधडीत घालून मागे आणलं. फत्तेसिंगने त्या वेळी तोंड फिरवलं होतं.

“तुम्ही मांगेच बठा,” तो म्हणाला. “मन्हाकडे सरकू नका.”

गादीवर बसलो, एवढंच तर झालं. स्पर्श झालेला नाही. डायाला विचारू. काहीतरी मार्ग असेल. घाट उतरताना त्याच्या मनात हेच चाललं होतं. वळणावर तो गाडी इतकी हळू घेत होता, की मागे कमलीबाईचं पुटपुटणं ऐकू येत होतं. ती सगळ्या देवांना नावाने हाक मारत होती.

“याहा मोगी… याहा मोगी…”

“कमलीबाई, देवीले बी बोलाव, आनि तिना पाय बी धरी ठेव,” सिस्टर म्हणाल्या. “हालाले नको.”

खालच्या नाल्याला पाणी नव्हतं, पण वाळू होती. फत्तेसिंगला ती वाळू माहीत होती. रिकामी गाडी तिच्यातून निघते, भरलेली रुतते. त्याने तरी जोर लावून पाहिला. मधोमध चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी बसली.

“उतरनं पडी,” तो म्हणाला.

दोघी उतरल्या. गोधडीची चार टोकं दोघींनी धरली आणि रमिलाला बाहेर काढलं. सिस्टर साठीच्या जवळ आलेल्या, कमलीबाई त्यांच्याहून मोठी. रमिला पोटाने जड. जेमतेम चार-सहा पावलं गेल्या असतील, तोच कमलीबाईचा पाय वाळूत मुडपला आणि गोधडी एका बाजूला कलली. रमिलाचं डोकं दगडाच्या अगदी वर लोंबलं. तिच्या तोंडातून घरघर येत होती.

सिस्टरांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी नुसतं दात आवळून गोधडी वर ओढली. त्या अजूनही विचारत नव्हत्या.

फत्तेसिंग वाळूतून धावत आला. त्याने वाकून एक हात रमिलाच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि तिला उचललं. तिचं अंग तापलेलं होतं. तिची एक वेणी सुटून त्याच्या हातावर पडली. तो नाला ओलांडून पलीकडच्या काठावर चढला आणि करंजाच्या सावलीत त्याने तिला ठेवलं. मग परत गेला, चाकांखाली दगड लावले आणि गाडी बाहेर काढली. पुन्हा तिला उचलून आत ठेवायचं होतं, तेही त्यानेच केलं. या वेळी तोंड फिरवलं नाही.

म्हसावदला १०८ची गाडी उभी होती. रमिला आणि दोघी तीत बसून शहाद्याला गेल्या. रस्त्यावर फत्तेसिंग एकटा राहिला.

समोर चहाची टपरी होती. टपरीवाल्याने त्याचे अनवाणी पाय, वाढलेली दाढी पाहिली आणि न विचारता चहा पुढे केला. फत्तेसिंगने ग्लास घेतला आणि सवयीने टपरीच्या खांबाशी जमिनीवर उकिडवा बसला.

“वर बठ ना भो,” टपरीवाला म्हणाला. “बाकडा रिकामाच शे.”

फत्तेसिंगने बाकड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो उठला आणि बाकड्यावर बसला.

रात्र त्याने गाडीतच काढली. सकाळी सिस्टरांचा फोन आला. “सिजर व्हयनं. पोर शे. एवढीशी शे, पन रडस मोठ्ठी. माय बी डोया उघाडी ऱ्हायनी.” मग सिस्टरच म्हणाल्या, “चहा पीधा का तू?”

“पीधा.”

घराकडे जाताना तो नदीवर थांबला आणि आंघोळ केली. अंगावरून पाणी ओतताना किती दिवसांनी ते गार लागतंय असं वाटलं, आणि लगेच तसं वाटल्याची लाज वाटली.

गावात बातमी त्याच्याआधी पोचली होती. सीमा, त्याची बायको, ओसरीत मोहाची फुलं निवडत होती. ओले केस पाहून तिने हात थांबवला. घरात ती दोघं पावरी बोली बोलायची.

“रमिला?” तिने विचारलं.

“जगली. पोरगी झाली.”

“चांगलं झालं.” ती पुन्हा फुलं निवडू लागली. चांगली फुलं आणि कचरा एकाच टोपलीत पडत होता. “आता आपल्या रुपाचं काय?”

गोळ्या होत्या, सिस्टर होत्या, शहाद्याला रक्त मिळत होतं. पण त्या हिवाळ्यात, पोरगी निपचित पडलेली असताना, त्याने ज्याच्याशी शब्द केला होता ते या सगळ्याच्या पलीकडचं होतं, आणि तो शब्द शेवटच्या टप्प्यात सुटला होता. तो दारात उभाच राहिला.

रुपा शाळेतून आली. पालनी सुरू झाल्यापासून बापापासून लांब राहायचं, हे तिला पाठ होतं. ती अंगणातच थबकली, त्याच्या ओल्या केसांकडे पाहिलं.

“बा, आता शिवलं तर चालतं?”

“चालतं.”

ती धावत आली आणि त्याच्या पोटाला मिठी मारून राहिली. सीमाने तोंड टोपलीकडे वळवलं, पण थोड्या वेळाने उठून तिने खाट बाहेर काढली आणि अंगणात टाकली.

“बस,” ती म्हणाली. “उभा किती राहशील?”

संध्याकाळी सिस्टर परतल्या आणि घरी न जाता थेट त्याच्या अंगणात आल्या. रात्रीच्या जागरणाने डोळे आत गेले होते. सीमाने त्यांना खाटेवर बसवलं.

“मी इचारं नही तुले, फत्तेसिंग.”

“माहीत शे. तुम्ही इचारतात, तं मी नहीच म्हनतू.”

सिस्टरांनी पायातल्या चपला काढून खाटेखाली सरकवल्या. मग म्हणाल्या, “रुपाले मी हर महिनाले सोता देखसू.”

“ते तं आजलोंग देखीच ऱ्हायन्यात ना.”

“मंग मी काय करू? मी बठू का पालनीले? बाईले चालस का?”

“तुम्ही पुढे नाचश्यात, तं सगळी गेर तुरीमा जाई.”

आधी सीमा हसली. तिच्या हसण्याने सिस्टरांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. रुपाला काहीच कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून तीही हसली.

सिस्टर गेल्यावर, अंधार पडायच्या आधी, रायसिंग आला. तो अजून पालनीत होता, म्हणून अंगणाच्या कडेलाच मातीत बसला. फत्तेसिंग खाटेवरून उठून त्याच्या समोर, थोडं अंतर ठेवून, खाली बसला.

“नात झाली,” रायसिंग म्हणाला.

“ऐकलं, डाया.”

“मी म्हटलं की तुझी पालनी मोडली नाही, तर गाव ऐकेल. कोणी तोंड उघडणार नाही.” तो थांबला. “पण होळी ऐकेल का, ते मला माहीत नाही. आणि माझ्या घरचं काम होतं, म्हणून मी म्हटलं, असं माझं मलाच वाटत राहील.”

“तुम्ही तसं म्हणू नका, डाया.”

“मग?”

“पुन्हा पहिलीपासून धरीन. पुढच्या वर्षापासून, पाच.”

रायसिंगने त्याच्याकडे नीट पाहिलं. फत्तेसिंगच्या कानाजवळचे केस पिकू लागले होते. पाच वर्षं रात्रभर नाचायचं म्हणजे पायात बळ लागतं. “बरं,” रायसिंग म्हणाला, हात जमिनीला टेकवून उठला आणि गेला.

होळीच्या पहाटे आजूबाजूचे सगळे पाडे माळावर जमले. ढोल वाजत होते. खालच्या गावांहून, गुजरातेतून माणसं परतली होती. त्यांत रमिलाचा नवरा गिरधरही होता. तो बसमधून उतरून आधी शहाद्याला जाऊन आला होता, आणि भेटेल त्याला मुलीचा फोटो दाखवत होता. डॉक्टर भाग्येश आणि धर्मेंद्र गर्दीत मागे उभे होते. सिस्टर सीमाशेजारी.

फत्तेसिंग धुतलेला सदरा घालून बघ्यांत उभा होता. गेल्या चार वर्षांत त्याने ही होळी बाहेरून पाहिलीच नव्हती. आतून फक्त ढोल ऐकू येतो आणि पुढच्या रायसिंगची पाठ दिसते. बाहेरून ती एवढी मोठी दिसते, हे तो विसरला होता. पूर्वेकडे फटफटू लागलं, तेव्हा होळी पेटली. ज्वाळा बांबूच्या टोकापर्यंत चढल्या आणि बुध्यांची रांग माणसांतून वाट काढत आत शिरली.

सगळ्यांत पुढे रायसिंग होता. त्याच्या मागे एका माणसाएवढी जागा मोकळी होती. त्या जागेनंतर पुढचा बुध्या.

फत्तेसिंगला वाटलं, कोणी मागे राहिला असेल, आता धावत येईल. पण दुसऱ्या फेऱ्यालाही ती जागा तशीच होती. ढोल वाढला. रांग वळली, ताणली गेली, पुन्हा आवळली. बाकीचे बुध्ये एकमेकांना खेटून नाचत होते, पण रायसिंगच्या मागचा पुढे सरकत नव्हता, आणि रायसिंग वळणावर पाऊल आखडून घेत होता, म्हणजे ते अंतर कमी-जास्त होऊ नये.

“दिसत नाही मला,” रुपा म्हणाली.

त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं. तिने त्याचे केस घट्ट धरले. समोर होळी जळत होती, आणि तिच्याभोवती माणसांबरोबर ती मोकळी जागाही फिरत होती.